मुकादमाचे अर्थ

शब्दाला जागणारं घर म्हणून त्या घराचा गावभर लौकिक होता. दिलेला शब्द त्या घरात कुणी मोडला नाही, बोललेला शब्द कुणी मागे घेतला नाही. शब्दाचा अर्थ काय, हे मात्र थोरल्याला विचारावं लागे.

थोरला म्हणजे मुकादम. या देशात सगळ्यांच्या आधी तो आला. मशरूमच्या शेडमध्ये तोडणीला लागला आणि पाठीला कायमचा बाक यायच्या आत मुकादम झाला. मग त्यानं बायकोला आणलं, धाकट्या भावाला आणलं, आणि बाप गेल्यावर म्हातारी आई नि धाकट्याची बायको यांना एकाच विमानानं आणलं. विमानतळावर पाया पडून घ्यायच्या आधी त्यानं दोघींचे पासपोर्ट घेतले. ते टॉवेलात गुंडाळले आणि घरी पोचल्यावर पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून दिले. ट्रंकेची किल्ली त्याच्या पट्ट्याला.

"कागद वाचायचा नसतो, जपायचा असतो," तो म्हणाला. "वाचून वाचून मळतो. मळला की साहेब विचारतो, एवढं काय वाचत होतात?"

घरात कुणाला हे खोटं वाटलं नाही. त्यांच्या गावातही जमिनीचे कागद देवाच्या फोटोमागे असत, आणि ज्यानं काढून वाचले त्याच्या घरात भांडण लागे.

शेडच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती. शेवटची खोली सगळ्यांचं स्वयंपाकघर. शेडवरचे एकटे राहणारे कामगार तिथंच जेवत. थोरली पॅकिंगला जाई, म्हणून स्वयंपाक आणि सगळ्यांचे कामाचे डगले धुणं धाकटीकडे आलं. डगल्यांना खताचा वास. घोड्याची लीद, कोंबड्यांची घाण आणि भिजलेलं काड एकत्र कुजवून ते खत करत. तो वास साबणानं जात नाही, साबणाला लागतो. पहिल्या महिन्यात धाकटीला उलट्या होत. सासूला वाटलं, गोड बातमी आहे. बातमी खताची होती.

शेडमध्ये ऋतू नव्हता. शेतकऱ्याच्या पोरांना आभाळाकडे बघायची सवय; इथलं आभाळ मालकिणीच्या ऑफिसात भिंतीवरच्या एका डबीत होतं. त्यातून ती पाहिजे तेव्हा गारवा सोडी, पाहिजे तेव्हा दमट हवा. एकावर एक फळ्या, फळ्यांवर काळी माती, मातीतून वर आलेली पांढरी डोकी. कपाळावर दिवा बांधायचा, ढकलगाडीवर उभं राहायचं, मशरूम पिळून उपटायचं, छोट्या सुरीनं देठ छाटायचा आणि बोटाचा डाग न पडू देता डब्यात ठेवायचं. खालच्या फळीला गुडघे, वरच्या फळीला मान. मधल्या फळीला काय दुखतं, हे सांगायला माणूस तेवढा वेळ मधल्या फळीवर राहत नसे. हात दिवसातून कितीदा तरी क्लोरिनच्या पाण्यात बुडवायचे. पहिल्या वर्षी बोटांची सालं निघत. पुढं निघायला साल उरत नसे.

जेवताना मुकादम शब्द सोडवून सांगे.

"स्पॉन्सर म्हणजे काय रे?" सासूनं एकदा विचारलं.

"स्पॉन्सर म्हणजे मी."

"आणि डिपेंडंट?"

"बाकीचे."

धाकटा म्हणाला, "हो हो." नव्या भाषेतला त्याला होकाराचा एकच शब्द येई आणि तोच दोनदा म्हणे. शेडवर त्याचं नावच होहो पडलं होतं. पुढंपुढं तो आपल्या भाषेतही तसाच बोलू लागला.

"डिपेंडंटनं काय करायचं, काय नाही, ते सरकारनं ठरवलंय," मुकादम सांगे. "दुसरीकडे काम करायचं नाही. गाडी शिकायची नाही. आणि ओव्हरस्टे करायचा नाही. ओव्हरस्टे म्हणजे बाहेर गेल्यावर वेळेत घरी न येणं. पकडलं तर थेट विमानात."

त्यामुळे सासू आणि धाकटी दुकानात जात त्या जात, पण येताना धावत येत. एकदा धावताना सासूची एक चप्पल रस्त्याकडेच्या चरात पडली. धाकटी काढायला वाकली, तर म्हातारीनं तिला दंडाला धरून ओढलं. "राहू दे गं! चपलेपायी देशाबाहेर कोण जाईल?" उरलेली चप्पल तिनं बरेच दिवस जपून ठेवली. तीही बहुधा वाचायची नव्हती.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. मग धाकटीच्या भावाचा फोन आला.

आई अंथरुणाला खिळली होती. "रोज विचारते, ताई निघाली का," भाऊ म्हणाला.

त्या संध्याकाळी धाकटीनं वाढताना विषय काढला. थेट दिराशी बोलायची सवय नव्हती, म्हणून सासूकडे बघून बोलली. "आई, मला थोड्या दिवसांसाठी माहेरी जाऊन यायचंय."

सासू थोरल्याकडे बघू लागली. थोरल्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"सिंगल एंट्री आहे," तो म्हणाला. "दार एकाच बाजूनं उघडतं. जायचं तर जा, अडवणारा मी कोण? पण परत यायचं नाव काढू नकोस. आणि तू गेलीस की ह्याचं परमिट हलतं. ह्याचं हललं की आईचं हलतं. सगळं एकाला एक बांधलेलं असतं, धाकटे. एक माळ असते ती."

"भाऊजी, एकदा सरकारी ऑफिसात विचारून…"

"ऑफिसात विचारायला गेलं की ते आपल्यालाच विचारतात."

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो भातात खड्डा करून त्यात आमटी ओतत होता. खड्डा चांगला झाला होता.

ती गेली नाही. आईनं काही दिवस वाट पाहिली, मग पाहिली नाही. फोन आला तेव्हा धाकटी टबात डगले तुडवत होती. फोन कानाला लावायला हात कोरडा नव्हता, म्हणून थोरलीनं तो तिच्या कानाशी धरला. त्याच दिवशी दोन शेडची पहिली तोडणी एकदम आली होती. माणसं भुकेली परतणार होती. तिनं स्वयंपाक केला. एक तोडणीवाला घास घेऊन म्हणाला, "आज मीठ फार झालंय."

"नवीन आहे," मुकादम म्हणाला. "शिकेल."

धाकटी शिकली. पण मीठ नव्हे.

त्यानंतरच्या साली शेडमध्ये हिरवी बुरशी आली. पांढऱ्या पिकाला हिरवी बुरशी म्हणजे घरात शिरलेला घरजावई. आधी कोपऱ्यात अंग चोरून बसते, मग सगळी फळी तिची. दिसेल त्या डागावर मीठ ओतायचं, ओला कागद झाकायचा आणि तिथून हात न लावता निघायचं. आजारी शेडमध्ये सगळ्यात शेवटी जायचं, निघताना बूट जंतुनाशकाच्या परातीत बुडवायचे. हे सगळं दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. होहो सकाळी आजारी शेडमध्ये गेला आणि तिथून सरळ नव्या पिकाच्या शेडमध्ये.

मालकिणीनं त्याला पाटीसमोर उभं केलं. "ही वाचलीस का?"

"हो हो," होहो म्हणाला.

एक अख्खी शेड वाफ सोडून रिकामी करावी लागली. मालकिणीनं फर्मान काढलं: खोल्यांच्या ओळीतून निदान एका माणसानं भाषेच्या वर्गाला जायचं आणि घरी येऊन बाकीच्यांना शिकवायचं. मुकादमाला माणूस सोडवेना. कामाचा गडी कशाला वाया घालवा? त्यानं घरात नजर फिरवली.

"धाकटीला पाठवू," तो म्हणाला. "डिपेंडंटला वर्ग चालतो."

एवढा एकच अर्थ त्यानं बरोबर सांगितला, आणि तोच त्याला नडला.

वर्ग गावातल्या अग्निशमन केंद्राच्या माडीवर भरे. शिकवणाऱ्या बाई पूर्वी बस चालवायच्या. आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचायचा. वर्गात एक छप्परं घालणारा, एक म्हाताऱ्यांची सेवा करणारी आणि दोन-तीन गप्प माणसं होती. ज्याचा त्याचा देश वेगळा. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, कुठले शब्द हवेत? भाजीपाल्याचे की दवाखान्याचे? छप्परवाला म्हणाला, "सरकारी." सगळ्यांनी माना हलवल्या.

ओव्हरस्टे हा शब्द आला, तेव्हा धाकटीनं हात वर केला. शोधून शोधून वाक्य जुळवलं. "दुकानातून उशिरा घरी येणं."

बाई खडू धरून थांबल्या. "तुला कुणी सांगितलं हे?"

"घरच्यांनी."

"परमिटची मुदत संपल्यावर देशात राहणं, त्याला ओव्हरस्टे म्हणतात. दुकानात तू रात्र काढ हवं तर."

धाकटीला वाटलं, आता सगळे हसणार. कुणी हसलं नाही. छप्परवाला खाली मान घालून म्हणाला, "मला माझ्या मावसभावानं हेच सांगितलं होतं." म्हाताऱ्यांची सेवा करणारी म्हणाली, "मला नवऱ्यानं." मग बाईंनी खडू ठेवला आणि खुर्चीत बसल्या.

त्या महिन्यात धाकटीनं एकेक शब्द नेऊन बाईंच्या पुढ्यात ठेवला, जसं बाजारात खोटं नाणं वाजवून घेतात. डिपेंडंटला काम करता येतं? येतं, तुझ्या प्रकारच्या परमिटवर तरी येतं. गाडी शिकता येते? बाई म्हणाल्या, मी शिकवते. दीर स्पॉन्सर असतो? तुझा स्पॉन्सर तुझा नवरा. दिराचा काय संबंध? हे ऐकून धाकटीला क्षणभर वाईटच वाटलं. होहोवर अवलंबून असण्याइतकी वाईट स्थिती आपली असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

एक शब्द तिनं मागे ठेवला होता. तो विचारायला बरेच दिवस गेले. मग वर्ग सुटल्यावर ती बाकांजवळ रेंगाळली आणि विचारलं.

"सिंगल एंट्री? शेतकामाच्या परमिटला?" बाई म्हणाल्या. "छे. तुम्हाला मल्टिपल असते. घरच्यांनाही. कितीही वेळा जा, कितीही वेळा ये." धाकटीला कळलं नसावं असं वाटून त्यांनी फळ्यावर एक दार काढलं. दारातून बाहेर जाणारा एक बाण, आणि आत येणारा दुसरा.

धाकटीला कळलं होतं. ती त्या दुसऱ्या बाणाकडे बघत राहिली. बाईंनी फळा पुसायला घेतला तेव्हा म्हणाली, "राहू द्या."

घरी येऊन तिनं नवऱ्याला गाठलं. तो पायरीवर बसून बुटातली माती काडीनं काढत होता.

"अहो, मला जाता आलं असतं. आईकडं."

काडी थांबली. "दादाला माहीत नसेल गं."

"दादाला सगळं माहीत असतं, हे तुम्हीच सांगता ना?"

"हो हो," होहो म्हणाला आणि पुन्हा काडी फिरवू लागला. बुटात माती उरली नव्हती.

थोरलीला तिनं दोरीवर डगले वाळत घालताना डिवचून पाहिलं. "जाऊबाई, भाऊजी सांगतात ते खरं का, कधी विचारलंत?"

"मी विचारलं की म्हणतात, आधीचा मुकादम असंच सांगायचा," थोरली तोंडात चिमटा धरून म्हणाली. "तोही असाच ट्रंकेवर बसायचा म्हणे."

धाकटीला ती सबब वाटली. नवऱ्याची बाजू बायको घेणारच. धाकटीनं ते ऐकलं आणि ऐकल्याबरोबर टाकून दिलं.

तिच्या पोटात जे पेटलं ते चुलीसारखं नव्हतं. ते खताच्या ढिगासारखं होतं. वरून थंड, कुणी काठी खुपसली तर आत वाफ. ती तशीच राबत राहिली. वाढताना दिराला आधी वाढी. सासू म्हणाली, "हल्ली शहाणी झालीस."

एकदा जेवणाचे डबे घेऊन ती शेडकडे गेली. आजारी शेडमधला डबा देऊन बाहेर आली आणि पुढच्या शेडच्या दारात थबकली. आत मुकादमाचं नवं पीक होतं. दाट, पांढरं, मालकीण पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवी. दारात जंतुनाशकाची परात. धाकटीनं एक पाय उचलला. परातीवरून टांग टाकून पलीकडे ठेवायचा, एवढंच. चार दिवसांत मुकादमाच्या तोंडाला रंग चढला असता, तोही हिरवा. पाय अधांतरी धरून ती उभी राहिली. आत वरच्या फळीवर कुणाच्या तरी कपाळावरचा दिवा हलत होता. मान एका बाजूला कलती धरायची लकब होहोची होती.

बुरशीला नातं कळत नाही. दिराच्या फळीवरून नवऱ्याच्या फळीवर यायला तिला एंट्री लागत नाही. धाकटीनं पाय परातीत बुडवला. मग दुसराही बुडवला, नीट, घोट्यापर्यंत.

नेमक्या माणसाच्या तोंडात नेमून ठेवता येईल असं दुसरं काहीतरी हवं होतं. ते तिच्याकडे मुकादम स्वतःच घेऊन आला.

सरकारी ऑफिसातून त्याला बोलावणं आलं होतं. त्यानं कायमच्या रहिवासाचा अर्ज केला होता. पत्र त्यानं एकदाच उघडलं, तारीख आणि वेळ पाहिली, आणि लगेच ट्रंकेत ठेवलं. घरात सांगितलं, "मुलाखत आहे." शेडवर ज्याला त्याला हाच शब्द सांगत फिरला. चालणं मात्र बदललं. शेडमधली भाषा त्याला येई: हे उचल, ते ठेव, लवकर, अजून लवकर. साहेबाशी एवढ्यावर भागलं नसतं.

धाकटी कांदा चिरत होती. मुकादम दाराला टेकून उभा राहिला, आत आला, फळीवरचा डबा उघडून उगाच वास घेतला.

"तुमच्या वर्गात शब्द देतात म्हणे."

"देतात की, भाऊजी."

"सरकारी पण?"

"तेच जास्त."

"तसे मला येतात सगळे," मुकादम म्हणाला. "पण हल्ली काही बदललं असलं तर माहीत असू द्यावं."

"बदललंय तर," धाकटी म्हणाली. "बसा."

मुकादम पाटावर बसला. त्या स्वयंपाकघरात तो पहिल्यांदाच तिच्यापेक्षा खाली बसला होता.

तिनं घाई केली नाही. रोज एक-दोन अर्थ, चहाबरोबर. डिपेंडंट म्हणजे ज्याच्यावर सगळं घर अवलंबून असतं तो. "तुमच्या घरात डिपेंडंट कोण, असं विचारलं की छाती काढून सांगायचं, मी." ओव्हरस्टे म्हणजे कामाची वेळ संपल्यावरही थांबून काम करणं. "ह्याला फार मान आहे इथं. केलाय का विचारलं तर लाजू नका."

"मी तर पूर्वी वेगळं सांगायचो," मुकादम कपाळ खाजवत म्हणाला.

"ते जुनं. आता कायदा सुधारला."

"तरीच. चांगलं झालं." त्यानं घोट घेतला. "आणि डिपोर्ट?"

धाकटी अडखळली. हा तिनं योजून ठेवला नव्हता. "डिपोर्ट म्हणजे बढती देऊन दुसऱ्या ठिकाणी पाठवणं," ती म्हणाली. "सरकारी खर्चानं."

"सरकारी खर्चानं!" मुकादम म्हणाला. "आम्हाला कुठलं मिळायला."

तो गेल्यावर ती सुरी धरून हसत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं, ते कांद्याच्या नावावर खपलं. कोपऱ्यात धान्य निवडणारी सासू म्हणाली, "धाकटे, तुझं काय चाललंय मला कळत नाही. पण मी एक सांगते. ह्या थोरल्याचा मला अजून राग आहे. बापाच्या वेळी आला नाही. सगळा गाव विचारत होता, थोरला कुठाय? भावकीनं केलं सगळं. मोठा साहेब झालेला हा."

"माहितीय आई," धाकटी म्हणाली. तिच्या हिशेबात ही एक भरच पडली.

ऑफिसात जायच्या दिवशी मुकादमानं नवा शर्ट घातला. त्याची घडी मोडली नव्हती, त्यामुळे तो पुठ्ठ्यात बसल्यासारखा दिसत होता. "धाकटी बरोबर येईल," तो म्हणाला. "अडलं तर हळूच सांगेल." सासू हटूनच निघाली. पोरगा पास होतो की नापास, हे बघायला ती त्याच्या शाळेतही कधी गेली नव्हती.

ऑफिसच्या बाहेरच्या खोलीत सासूला बसवलं. आत एका टेबलामागे पंचविशीतला कारकून होता. टेबलावर काचेची पाटी लावलेलं एक यंत्र. कारकुनानं त्याचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग वायर काढून परत लावली.

"हे सुरू व्हायला वेळ घेतं," तो म्हणाला. "तोवर माहिती तपासू. घरात डिपेंडंट?"

"मी," मुकादम छातीवर हात ठेवून म्हणाला.

कारकुनानं पडद्याकडे पाहिलं, मुकादमाकडे पाहिलं. मग पुढचा रकाना उघडला. धाकटीनं मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरले. तिच्या जिवाला इतका गारवा कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता.

"कधी ओव्हरस्टे?"

"हो!" मुकादम म्हणाला. पाठ केलेलं सगळं ओठांवर आलं. "पुष्कळ वेळा. दर आठवड्याला. मालकीण खूश आहे. कधी कधी पहाटेपर्यंत."

कारकुनाचे हात कीबोर्डवर थांबले. धाकटी खुर्चीच्या कडेला सरकली. आता. आता हा फोन उचलेल. आता दारातून गणवेशातली माणसं येतील. मुकादम मागे वळून म्हणेल, धाकटे, अगं काय म्हणतायत हे? आणि मग ती सांगेल. ते एक वाक्य तिनं वर्षभर घासून धार लावून ठेवलं होतं: दार एकाच बाजूनं उघडतं, भाऊजी.

"तुम्ही मशरूमवाले ना?" कारकून जांभई देत म्हणाला. "शेडमधले लोक ओव्हरटाइमलाच ओव्हरस्टे म्हणतात. मागच्या आठवड्यातही एक आला होता." त्यानं 'नाही'वर खूण केली.

धाकटीच्या हातातला बंद सुटला. वर्षाची तयारी एका जांभईत गेली. मुकादम वळून तिच्याकडे पाहत हसला. बरोबर सांगितलंस, असं ते हसणं होतं.

"देशाबाहेर किती काळ होतात?" कारकुनानं विचारलं आणि पासपोर्ट उचलला.

हे तिनं शिकवलं नव्हतं. मुकादमाला स्वतःहून कळलं. "एकदाही नाही."

"इतक्या वर्षांत एकदाही नाही? सगळे जातात." कारकुनाला पहिल्यांदाच त्याच्यात रस वाटला. "घरी कुणी नव्हतं?"

मुकादम शेडच्या भाषेत बोलू लागला. शब्द कमी होते, मधल्या जागा जास्त. "वडील. वडील गेले. जायचं होतं. बॅग भरली होती." त्यानं हातानं बॅग दाखवली. "पण सिंगल एंट्री. गेलो की परत नाही. मग बायको, भाऊ, सगळे… माळ." माळेला त्याला शब्द सापडला नाही. बोटात बोट अडकवून दाखवलं. "म्हणून बॅग रिकामी केली."

कारकुनानं पासपोर्टचं पान उलटलं. मग पासपोर्ट फिरवून मुकादमापुढं सरकवला आणि एका शब्दावर बोट ठेवून भराभर काहीतरी बोलला. ती शेडची भाषा नव्हती. मुकादमाला ती कळली नाही. तो पानाकडे बघतच राहिला. आपला कागद इतक्या जवळून तो पहिल्यांदाच पाहत होता.

"काय म्हणतोय, धाकटे?"

कारकुनाच्या बोटाखालचा शब्द धाकटीला वाचता येत होता. धार लावलेलं वाक्य तोंडात तयार होतं. आता त्याची गरजच नव्हती. कारकुनानं जे म्हटलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं की पुरे होतं. त्याहून मोठी शिक्षा तिला वर्षभर विचार करून सुचली नव्हती. तिनं तोंड उघडलं आणि तिला तिच्या आवाजात कुठेच जोर सापडेना.

"म्हणतायत, मल्टिपल आहे. तुम्हाला जाता आलं असतं. आणि परत येता आलं असतं."

"कधीपासून?"

तिनं विचारलं. कारकुनानं सांगितलं.

"पहिल्यापासून," ती म्हणाली.

मुकादमानं पासपोर्ट उचलला. मळू नये म्हणून तो कडेला धरायची सवय होती, तसा धरला. मग मिटला. मग पुन्हा उघडला. "तुझ्या आईच्या वेळी…" तो म्हणाला. नव्या शर्टाची घडी तशीच राहिली, आतला माणूस तेवढा खाली गेला. थोरली दोरीवर चिमटे लावत काय म्हणाली होती, ते धाकटीला आठवलं. आधीचा मुकादम असंच सांगायचा. त्याच्या आधीही एखादा असेल. तिनं एका माणसावर नेम धरला होता. समोर ओळीनं माणसं उभी होती आणि शेवटचा कुठं आहे ते दिसत नव्हतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "ते डिपोर्टचं मी सांगितलेलं… कुठे बोलू नका."

"चुकीचं होतं?"

"हो."

"बाकीचं?"

"तेही."

मुकादमानं मान हलवली. शेडमध्ये डाग पडलेला डबा बाजूला ठेवताना हलवायचा तशी.

यंत्राचा दिवा हिरवा झाला. कारकून उठला. "चला, हात पुढे करा. आजचं काम तेवढंच आहे."

"आणि मुलाखत?" धाकटीनं विचारलं.

"कसली मुलाखत? पत्रात लिहिलंय की, फक्त ठसे द्यायला या. मी यंत्र सुरू होईपर्यंत बोलत होतो."

मुकादमानं बोटं काचेवर ठेवली. कारकुनानं ती दाबून पाहिली, ओल्या कपड्यानं पुसून पाहिली, फुंकून पाहिली, अंगठा वेगळा घेऊन पाहिला. पडद्यावर पांढरे गोल उमटले. नुसते पांढरे, आत एकही रेघ नाही, तोडायला आलेल्या मशरूमसारखे. कारकुनानं दुसरी तारीख लिहून दिली.

बाहेर सासू दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसली होती. "पास झाला का गं?" तिनं धाकटीला विचारलं.

"बोटांना ठसेच नाहीत," धाकटी म्हणाली. "पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. तोवर रोज हाताला क्रीम लावा म्हणाले."